जन्मताना दुखावलेला हात वयात येतो तेव्हा

२६ सप्टेंबर २००९ ची रात्र. स्टेट कॉलेजमध्ये पाऊस पडत होता आणि बीव्हर स्टेडियममध्ये लाखाहून अधिक माणसं बसली होती. पेन स्टेट १०-५ ने पुढे. चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला पेन स्टेटने पंट करायचं ठरवलं, म्हणजे चेंडू लाथ मारून लांब धाडायचा. तेवढ्यात आयोवाचा एक धिप्पाड बचावपटू फळी फोडून आत घुसला, त्याने चेंडू अडवला, उचलला आणि ५३ यार्ड धावत जाऊन टचडाउन केला. सामना आयोवाने २१-१० असा जिंकला. पेन स्टेटच्या जुन्या चाहत्यांसमोर हा विषय काढू नका.

त्या खेळाडूचं नाव एड्रियन क्लेबॉर्न. पुढे २०११ साली तो एनएफएलच्या पहिल्याच फेरीत निवडला गेला, आणि २०१७ मध्ये अटलांटाकडून खेळताना त्याने एकाच सामन्यात सहा सॅक घेतले. आणि त्याचा उजवा हात जन्मापासून अधू आहे. जन्माच्या वेळी मानेजवळच्या नसा ताणल्या गेल्या, त्यातून त्याला अर्ब्स पाल्सी झाली.

ही गोष्ट सांगितली की ऐकणारा लगेच म्हणतो, ‘बघा, जिद्द असली की काय होत नाही!’ मला तिथेच थोडं थांबावंसं वाटतं. क्लेबॉर्न खरा आहे, त्याची मेहनतही खरी आहे. पण ज्यांच्या बाळाचा हात जन्मतः लुळा पडलाय त्या आईवडिलांना एनएफएलचं काही पडलेलं नसतं. त्यांना विचारायचं असतं की ही मुलगी पंचवीस वर्षांची होईल तेव्हा हा हात कसा असेल? लहानपणी ऑपरेशन केलं तर तेव्हा फरक पडलेला दिसेल का? मी इथे स्नायूंच्या वाढीवर काम करते, शल्यचिकित्सक नाही. तरी या प्रश्नाचं उत्तर शोधताना स्नायूंचं, नसांचं आणि मेंदूचं जे विज्ञान पुढे येतं ते इतकं रंजक आहे, आणि आपल्या घरांशी इतकं जवळचं आहे, की ते तुमच्यासमोर मांडायलाच हवं.

आधी हे जाळं समजून घेऊ

मराठीत आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. इथे नस म्हणजे मज्जातंतू, मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत नेणारी तार. मानेतल्या मणक्यांमधून अशा पाच मुळ्या बाहेर पडतात: सी-५, सी-६, सी-७, सी-८ आणि टी-१. त्या एकमेकींत मिसळतात, पुन्हा फुटतात आणि गळपट्टीच्या हाडाखालून हातात उतरतात. या गुंत्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. ढोबळमानाने वरच्या मुळ्या खांदा आणि कोपर सांभाळतात, खालच्या मुळ्या मनगट आणि बोटं.

प्रसूतीत बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा आईच्या जघनास्थीमागे अडकला, तर मान आणि खांदा यांच्यामधलं अंतर ताणलं जातं. बहुतेक वेळा नस फक्त ताणली जाते आणि काही आठवड्यांत सावरते. काही वेळा ती तुटते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती मज्जारज्जूतूनच उपटली जाते, मुळासकट रोप उपटावं तशी.

अमेरिकेत हजार जन्मांमागे साधारण एका बाळाला ही इजा होते, आणि गेल्या काही दशकांत हे प्रमाण कमी होत आलंय. बाळ वजनाने मोठं असणं, आईला गरोदरपणातला मधुमेह असणं, चिमटा किंवा व्हॅक्यूम वापरावा लागणं ही जोखमीची कारणं. भारतीय वंशाच्या स्त्रियांमध्ये गरोदरपणातला मधुमेह जास्त आढळतो, त्यामुळे २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान होणारी ती गोड पाणी प्यायची तपासणी टाळू नका. मात्र अशा बाळांपैकी निम्म्याहून अधिकांच्या बाबतीत यातलं एकही कारण सापडत नाही. सिझेरियनने धोका कमी होतो, शून्य होत नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण आपल्याकडे बोट पहिल्यांदा आईकडे जातं. ‘कळा नीट दिल्या नाहीस’, ‘जास्त खाल्लंस’, वगैरे. या दुखापतीत अशा बोलण्याला काही अर्थ नाही.

नाव पडलं ते १८७४ च्या विल्हेल्म अर्ब यांच्या वर्णनावरून. फ्रान्समध्ये द्युशेन यांनी दोन वर्षं आधीच तेच वर्णन केलं होतं. खालच्या मुळ्यांच्या इजेला ऑगस्टा क्लुम्के यांचं नाव आहे. ही सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेली बाई पॅरिसमध्ये डॉक्टर झाली, आणि बायकांना तिथल्या रुग्णालयांत इंटर्न म्हणून घ्यायला विरोध असतानाच्या काळात, १८८५ साली, तिने हे वर्णन केलं.

या दुखापतीचा सगळ्यात प्रसिद्ध रुग्ण मात्र राजघराण्यातला. जर्मनीचा शेवटचा सम्राट, कैसर विल्हेल्म दुसरा, १८५९ मध्ये पायाळू जन्मला आणि त्याचा डावा हात कायमचा लुळा राहिला. लहानपणी त्या हाताला विजेचे झटके दिले गेले. चांगला हात बांधून ठेवला गेला, म्हणजे हा वापरेल. ताज्या मारलेल्या सशाच्या उबदार शरीरात हात घालून ठेवायचाही प्रयोग झाला. मोठेपणी तो हात दुसऱ्यापेक्षा साधारण १५ सेंटिमीटर आखूड होता, आणि फोटोंमध्ये तो तलवारीच्या मुठीवर किंवा हातमोजे धरून बेमालूम लपवलेला दिसतो. पहिलं महायुद्ध या हातामुळे झालं असं म्हणणारेही आहेत. मला ते फार ओढूनताणून वाटतं.

वेळेशी शर्यत

तुटलेली नस पुन्हा वाढते, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने. दुसरीकडे, हुकूम न मिळालेला स्नायू फार काळ वाट बघत नाही. वर्ष-दीड वर्षात तो हळूहळू असा बदलतो की नंतर तार जोडली तरी उपयोग होत नाही. मोठ्या माणसाच्या मानेपासून बोटांपर्यंतचं अंतर या वेगाने कापायला दोनेक वर्षं लागतात. बाळाचा हात इवलासा असतो, म्हणून बाळांमध्ये ही शर्यत जिंकायची शक्यता जास्त. लहान असण्याचा हा एक मोठा फायदा.

मग ऑपरेशन लगेच का करत नाहीत? कारण बहुतेक बाळं आपोआप सुधारतात, आणि आतली नस ताणली गेलीय की तुटलीय हे बाहेरून नेमकं कळत नाही. पॅरिसच्या अलेन गिल्बेर यांनी एक साधा नियम रूढ केला: तिसऱ्या महिन्यापर्यंत बाळ कोपर वाकवायला लागलं नाही, तर ऑपरेशनचा विचार करा. टोरांटोचे डॉक्टर काही बाळांच्या बाबतीत नऊ महिन्यांपर्यंत थांबतात आणि मग बिस्किटाची परीक्षा घेतात. दंड अंगालगत धरून बाळाच्या हातात बिस्किट द्यायचं आणि ते मान फारशी न वाकवता तोंडापर्यंत नेतं का बघायचं. (आपल्याकडे ही परीक्षा पार्ले-जीवर होईल.) नेमकं कधी करायचं यावर आजही दोन तज्ज्ञांची दोन मतं मिळतील. त्याचं आश्चर्य वाटून घेऊ नका.

ऑपरेशनमध्ये जखमेचा गाठाळ भाग काढून पोटरीतली एक संवेदी नस तिथे पुलासारखी जोडतात. पोटरीतली नस काढल्याने पावलाच्या कडेला थोडी बधिरता येते, बस. मूळच उपटलं गेलं असेल तर पुलाला पलीकडचा काठच नसतो. तेव्हा शेजारच्या चालू नसेतला एक धागा उसना घेतात. १९९४ मध्ये ओबेरलँ यांनी दाखवलं की बोटांकडे जाणाऱ्या अल्नर नसेतला एक धागा दंडाच्या बायसेप्सला जोडला तर कोपर वाकू लागतो. मोठ्या माणसात असं केलं की सुरुवातीला कोपर वाकवायला मूठ आवळायचा विचार करावा लागतो. काही महिन्यांनी मेंदू नवा रस्ता पाठ करतो आणि विचार करावा लागत नाही.

हे सगळं नवीन आहे असं वाटेल, पण ग्लासगोच्या रॉबर्ट केनेडी यांनी अशा बाळांच्या नसा शिवल्याचं १९०३ मध्येच लिहिलंय. सूक्ष्मदर्शक नव्हता, केसाहून बारीक दोरा नव्हता. निकाल वाईट येत गेले आणि हे ऑपरेशन मागे पडलं. १९७० च्या दशकात सूक्ष्मशल्यक्रिया आल्यावर ते पुन्हा सुरू झालं. आता हिशेब करा. त्या नव्या तंत्राने शस्त्रक्रिया झालेली पहिली बाळं आज जेमतेम पन्नाशीच्या आसपास आहेत. म्हणजे या हातांचं म्हातारपण अजून कुणी पाहिलेलंच नाही. आणि बहुतेक शोधनिबंधांत मुलांना मोजलंय ते दोन-पाच-सात वर्षांची असताना. ऑपरेशन यशस्वी झालं असं जेव्हा आपण वाचतो, तेव्हा ते यश बऱ्याचदा बालवाडीच्या वयाचं असतं.

मोठेपणी काय दिसतं

म्हणून फिनलंडच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. १९७१ पासून त्यांच्याकडे ऑपरेशन झालेल्या शंभरहून अधिक जणांना त्यांनी परत बोलावून तपासलं, सरासरी तेरा वर्षांनंतर. देश छोटा, नोंदी चोख, माणसं सापडतात. अमेरिकेत हे अवघड, कारण इथे मूल, विमा आणि पत्ता तिन्ही बदलत असतात. त्यांना दिसलं ते असं: बहुसंख्य लोक आपल्या हाताबद्दल समाधानी होते, आणि तरीही हालचालींमधली उणीव राहिलेलीच होती. मुळं उपटली गेली होती त्यांचा निकाल कमी चांगला. काहींना दुखणं होतं.

समाधानी आणि तरीही अपुरा, ही जोडी जवळपास सगळ्या दीर्घकालीन अभ्यासांत भेटते. वरच्या मुळ्यांची इजा असलेल्यांचे हात, बोटं ठीक चालतात, कोपर वाकतो. अडतो तो खांदा, विशेषतः हात बाहेरच्या बाजूला फिरवणं. घास तोंडाकडे नेताना कोपर बाजूला वर उचलला जातो. डॉक्टर याला तुतारीची खूण म्हणतात, कारण ती व्यक्ती तुतारी फुंकतेय असं दिसतं. पंगतीत शेजारच्याला कोपर लागतो तो यामुळे. हात आखूड आणि बारीक राहतो, कोपर पूर्ण सरळ होत नाही. काही जणांत वाढताना तारा चुकीच्या घरी गेलेल्या असतात: वाकवण्याचा हुकूम बायसेप्ससोबत ट्रायसेप्सलाही पोहोचतो, दोघे एकमेकांविरुद्ध ओढतात आणि ताकद असूनही हात हलत नाही.

दुखण्याबद्दल एक विलक्षण गोष्ट आहे. मोटारसायकलच्या अपघातात मोठ्या माणसाच्या या मुळ्या उपटल्या गेल्या, तर बहुतेकांच्या वाट्याला भयंकर, भाजल्यासारखी, वर्षानुवर्षं न जाणारी वेदना येते. लंडनच्या प्रवीण आनंद आणि रॉल्फ बर्च यांनी २००२ मध्ये जन्मतः इजा झालेल्यांना तपासलं, तर त्यांच्यात ती वेदना नव्हती. शिवाय स्पर्शाची जाण हालचालीपेक्षा कितीतरी चांगली परतली होती. नवजात मेंदू आणि मज्जारज्जू स्वतःला नव्याने मांडून घेतात, ते आपल्याला जमत नाही.

पण याचा अर्थ मोठेपणी दुखत नाही असा नाही. दुखतं, फक्त ते नसेचं नसून सांध्याचं आणि स्नायूंचं असतं. वेड्यावाकड्या घडलेल्या खांद्याचं, मानेचं, पाठीचं, आणि आयुष्यभर दोघांचं काम केलेल्या चांगल्या हाताचं. विशी-तिशीत ते सुरू झालं की डॉक्टर हाताला हात लावून म्हणतात, ‘हे तर जुनंच आहे ना?’

उजव्या हाताला इजा झालेली बहुतेक मुलं डावखुरी होतात. जिथे शंभरात साधारण दहा डावखुरे असतात तिथे इथे बहुसंख्य. मेंदूने निमूटपणे कारभार दुसऱ्या हाताकडे सोपवलेला असतो. अमेरिकेतल्या शाळेत याचं कुणाला काही वाटत नाही. गणपतीत प्रसादासाठी डावा हात पुढे आला की मात्र कुणी मावशी ‘उजवा हात कर बाळा’ म्हणतेच. तुमच्या मंडळात असं मूल असेल तर त्या मावशींशी आधी बोलून ठेवा.

स्नायू का आखडतो

हा माझ्या कामाच्या जवळचा भाग, म्हणून थोडं लांबण लावते. अशा मुलांचा खांदा आतल्या बाजूला वळलेला आणि कोपर वाकलेला राहतो. वर्षानुवर्षं याचं कारण सांगितलं जायचं ते असं: बलवान स्नायू लुळ्या स्नायूवर मात करतो. ऐकायला पटतं. पण मग कोपर वाकलेलाच का अडकतो? लुळा तर वाकवणाराच स्नायू असतो!

सिनसिनाटीच्या रॉजर कॉर्नवॉल यांच्या गटाने उंदराच्या पिल्लांवर हे तपासलं. स्नायूत सार्कोमियर नावाचे सूक्ष्म घटक एकापुढे एक, रेल्वेच्या डब्यांसारखे जोडलेले असतात. मूल वाढतं, हाड लांबतं, तसे स्नायूत नवे डबे जोडले जातात. नस तुटलेल्या नवजात स्नायूत हे डबे पुरेसे जोडलेच जात नाहीत. हाड लांबतं, गाडी तेवढ्याच डब्यांची राहते, आणि प्रत्येक डबा ताणला जातो. म्हणजे स्नायू आखडलेला नसतो, तो वाढायचा राहिलेला असतो. गंमत म्हणजे मूळ मज्जारज्जूतूनच उपटलेलं असेल, तर स्नायूकडून येणारी संवेदी नस अनेकदा शाबूत राहते आणि हा आखूडपणा कमी दिसतो.

२०१९ मध्ये याच गटाने दाखवलं की अशा स्नायूत प्रथिनं तोडणारी यंत्रणा जास्त चालते, आणि कर्करोगावर वापरलं जाणारं बॉर्टेझोमिब देऊन ती रोखली तर पिल्लांचे सांधे आखडणं टळतं. हे औषध विषारी आहे, उद्या बाळांना देणार असं कुणी म्हणत नाहीये. पण प्रश्न बदलला, हे मोठं आहे. नस जोडण्याबरोबरच स्नायूला वाढायला कसं सांगायचं, हाही आता उपचाराचा विषय झालाय.

खांद्याचं हाडही याच काळात घडत असतं. खोबण उथळ होते, दंडाच्या हाडाचा गोळा मागे सरकतो, आणि हे वयाच्या पहिल्या वर्षातही सुरू होऊ शकतं. म्हणून खांदा बाहेरच्या दिशेने वळवायचा व्यायाम इतक्या कळकळीने सांगतात.

देवाणघेवाण

नसेचं ऑपरेशन झालं तरी किंवा नाही झालं तरी अनेक मुलांचं पुढे खांद्याचं दुसरं ऑपरेशन होतं. पाठीचा मोठा स्नायू मागे वळवून जोडतात, म्हणजे तो हात बाहेर फिरवू लागतो. लेपिस्कोपो यांनी १९३४ मध्ये हे सुचवलं, हॉफर यांनी १९७८ मध्ये त्याचा सुटसुटीत प्रकार मांडला. किंवा दंडाचं हाड कापून फिरवून बसवतात. यामुळे हात डोक्याकडे जातो, केस विंचरता येतात, चेंडू फेकता येतो. पण बाहेर फिरणं मिळालं की आत फिरणं थोडं जातं. हात पोटाजवळ, पाठीमागे पोहोचायला त्रास होतो.

आता आपल्या घरातल्या हालचाली आठवून बघा. निऱ्या खोचणं, सलवारची नाडी बांधणं, पाठीमागचा हूक लावणं, संडासात पाणी वापरणं, नमस्कारासाठी दोन्ही तळवे छातीसमोर जुळवणं: सगळ्यांना हात आत, मध्यरेषेवर यावा लागतो. उलट तीर्थ घेताना, ओंजळ करताना तळवा वर वळवावा लागतो, आणि नेमकं तेही या हातांना अवघड असतं. पाश्चात्त्य तपासणीत हात तोंडाकडे, मानेमागे, पाठीकडे नेऊन गुण देतात. मॅले यांची १९७२ ची ती पद्धत उपयुक्तच आहे, पण त्यात ओंजळ नाही. तेव्हा दुसऱ्या ऑपरेशनचा सल्ला मिळाला तर ‘काय मिळेल’ याच्याइतकंच ‘काय जाईल’ हे विचारा, आणि वर दिलेल्या हालचाली शल्यचिकित्सकाला प्रत्यक्ष करून दाखवा. चांगला डॉक्टर त्या लिहून घेईल. मुलगी दहा-बारा वर्षांची असेल तर तिलाच विचारू द्या. हात तिचा आहे.

कागद जपा

स्टेट कॉलेजसारख्या गावात या विषयाचे तज्ज्ञ नाहीत. फिलाडेल्फियाचं श्राइनर्स रुग्णालय या कामासाठी ओळखलं जातं, पण ते गाडीने साडेतीन तासांवर. भारतात मुंबईचे डॉ. मुकुंद थत्ते आणि पुण्याचे डॉ. अनिल भाटिया यांनी या क्षेत्रात बरंच काम केलंय, त्यामुळे पहिलं ऑपरेशन तिकडे आणि पुढचं आयुष्य इकडे असंही होऊ शकतं. त्यात मुलांची रुग्णालयं अठरा ते एकवीसच्या आसपास हात सोडतात, आणि पुढे मोठ्यांसाठी या दुखण्याचं वेगळं दालन सहसा नसतं.

तेव्हा ऑपरेशनची मूळ टिपण मागून घ्या, डिस्चार्ज कार्ड नव्हे. कोणती मुळं तुटली होती, कोणती उपटली होती, कुठली नस कुठे जोडली, हे त्या टिपणातच असतं, आणि वीस वर्षांनी एमआरआयमधून ते पुन्हा काढता येत नाही. त्याचे फोटो मुलाच्या स्वतःच्या मेलवर ठेवा. वाढत्या वयात दर वर्षी एकदा दोन्ही हात समोर, वर, पाठीमागे आणि ओंजळीत असे चार व्हिडिओ काढा. एखादी हालचाल कमी होतेय हे डोळ्याला कळत नाही, व्हिडिओत कळतं. आणि तुम्ही स्वतःच असा हात घेऊन तिशी-चाळिशीला आला असाल आणि आता खांदा दुखू लागला असेल, तर मोठ्यांच्या ऑर्थोपेडिककडे जाण्याआधी मुलांच्या ब्रेकियल प्लेक्सस विभागाला फोन करून बघा. वयामुळे ते कदाचित घेणार नाहीत, पण जवळपास कोणता डॉक्टर हे समजून घेईल, हे त्यांना बहुधा माहीत असतं.